४८ अंड्यांची उबवणी पेटी: खुडूक कोंबडीची सवत की जोडीदारीण?

पारदर्शक झाकण, खाली प्लास्टिकचा तळ, डोक्यावर पंखा आणि लाल-हिरव्या आकड्यांचा छोटा पडदा. ४८ अंड्यांची ही पेटी ऑनलाइन डझनभर नावांनी मिळते. तालुक्याच्या पोल्ट्रीच्या दुकानातही हीच असते, फक्त स्टिकर वेगळं. आतला कंट्रोलर, अंडी फिरवायची मोटर आणि जाळी बहुतेकांत सारखीच, त्यामुळे हे परीक्षण एका नावाचं नसून या जातीच्या पेटीचं आहे. किंमत दहा हजारांच्या आत-बाहेर. परसात दहा-पंधरा ते पन्नास कोंबड्या असलेल्यांना ती घेण्याजोगी आहे, की खुडूक (अंडी उबवायला बसणारी) कोंबडीच पुरे, हा प्रश्न.

निकाल आधीच सांगतो. ऊब द्यायचं काम पेटी नीट करते. तिच्या पडद्यावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पाण्याचं आणि विजेचं गणित तिने तुमच्यावरच सोडलेलं आहे. आणि जाहिरातीतली '९८ टक्के उबवण' पेटीच्या हातात नाहीच, कारण निम्मा निकाल अंडं पेटीत जाण्याआधी खुराड्यात लागलेला असतो.

त्या टक्क्यांचा हिशेब एकदा समजून घ्या. ४८ अंडी ठेवली, सातव्या दिवशी ८ वांझ निघाली, उरलेल्या ४० मधून ३२ पिल्लं आली. विक्रेता सांगेल ८० टक्के, कारण तो फळलेल्या अंड्यांवर मोजतो. तुमच्या हातात पडतात ४८ मागे ३२, म्हणजे ६७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त कोणता कोण सांगतंय ते बघायचं. घरगुती पेटीतून फळलेल्या अंड्यांवर ७५-८० टक्के मिळाले तर ते चांगलं काम समजावं.

आधी आकडा तपासा

पंख्याच्या पेटीत तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवं. कारखान्यातून पेटी बहुधा ३८ वर लावून येते. घोळ असा, की पडदा ३७.८ दाखवत असताना आत ३७ असू शकतं नाहीतर ३८.५. अर्ध्या अंशाने पिल्लं मरत नाहीत, पण उबवण एक दिवस मागं-पुढं सरकते आणि अशक्त पिल्लांची संख्या वाढते. सतत एक अंश जास्त राहिलं तर मात्र मोठं नुकसान. अंड्याला थोडी थंडी चालते, उष्णता चालत नाही. ४० च्या वर काही तास गेले की भ्रूण भाजलाच समजा.

तपासणी घरच्या घरी होते. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर औषधाच्या दुकानात मिळतो आणि ३२ ते ४२ अंशांत तो या पेटीच्या सेन्सरपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. थर्मासमध्ये ३८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या. त्यात हा थर्मामीटर आणि फिशटँकचा वायरवाला थर्मामीटर, दोघांची टोकं शेजारी-शेजारी बुडवा. दोघांत किती फरक पडतो ते कागदावर लिहून ठेवा. मग वायरवाल्याचं टोक रिकाम्या पेटीत अंड्याच्या वरच्या पाठीच्या उंचीला टांगा आणि पेटी २४ तास चालवा. समजा पडदा ३७.८ म्हणतोय आणि तुमचं खरं माप ३७.२ येतंय. सेटिंगचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की 'एएल', 'एएच', 'एएस', 'सीए' असे पर्याय एकामागून एक येतात. 'सीए' वर थांबा आणि उणे ०.६ भरा. पडदा आता ३७.२ दाखवील आणि उरलेली ऊब हीटर स्वतः भरून काढील. 'एएल' आणि 'एएच' हे कमी-जास्त तापमानाच्या भोंग्याचे, 'एएस' आर्द्रतेच्या भोंग्याचा. भोंगा त्रास देतो म्हणून बंद करून ठेवणारे पुष्कळ आहेत. रात्री दोनला पंखा अडकला तर तोच एक साक्षीदार असतो, एवढं लक्षात ठेवा.

सेन्सर एकच आणि तो मधोमध. म्हणून त्याच चाचणीत वायरचं टोक चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा तास ठेवून बघा. पंख्याखाली गरम आणि कोपऱ्यात गार, असा एक अंशापर्यंत फरक या पेट्यांत सापडतो. याला इलाज सेटिंगमध्ये नाही. दर तीन-चार दिवसांनी कोपऱ्यातली अंडी मध्ये आणि मधली कोपऱ्यात घ्यायची, एवढंच. दीड अंशाच्या वर फरक दिसला तर पेटी परत करा.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. या पेटीत हीटर आहे, कूलर नाही. खोलीचंच तापमान ३५-३६ च्या वर गेलं की पेटी हतबल होते, कारण पंधराव्या दिवसानंतर अंड्यांतली पिल्लं स्वतःही ऊब सोडतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ही पेटी लावणं म्हणजे अंडी उकडायला ठेवणं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा हंगाम. उन्हाळ्यात लावायचीच असेल तर घरातली सगळ्यात गार, मातीच्या भिंतीची किंवा खालच्या मजल्याची खोली बघा. खिडकीच्या उन्हाची तिरीप झाकणावर पडता कामा नये.

पाणी किती घालायचं

तळाला पाण्याचे दोन पन्हळ आहेत. सूचनापत्रकात पहिले १८ दिवस एक आणि शेवटचे तीन दिवस दोन्ही भरायला सांगितलेलं असतं. ढोबळमानाने ते बरोबर. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटी ६५ ते ७०. पण हे सूचनापत्रक लिहिणाऱ्याने ना चिपळूणचा श्रावण पाहिलाय ना अकोल्याचा मार्च. कोकणात पावसाळ्यात बाहेरचीच हवा इतकी दमट असते, की पहिले अठरा दिवस पन्हळ कोरडा ठेवला तरी चालतो. विदर्भात फेब्रुवारी संपता-संपता दोन्ही भरूनही आकडा चाळिशी ओलांडत नाही. तिथे पन्हळात स्पंजची पट्टी उभी ठेवायची. वाफ पाण्याच्या खोलीवर नाही, पसरटपणावर अवलंबून असते, त्यामुळे पन्हळ काठोकाठ भरून काही मिळत नाही.

आर्द्रतेचा सेन्सर तापमानाच्या सेन्सरपेक्षाही जास्त थापा मारतो. त्याची परीक्षा मिठाने होते. वेगळा छोटा आर्द्रतामापक घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूइतकं भिजवा, दोन्ही हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तो पाच कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचायचं. मग तो पेटीत ठेवून पडद्याशी ताडा.

खरं तर याहून चांगली पद्धत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याच्या वजनात ११ ते १३ टक्के घट व्हायला हवी, तरच आत हवेची पोकळी पुरेशी तयार होते. १२ गावरान अंडी निवडून त्यांवर पेन्सिलीने खूण करा आणि एकत्र तोला. समजा ५०४ ग्रॅम भरली, म्हणजे एकेक ४२ चं. सातव्या दिवशी ती ४८० च्या आसपास, चौदाव्याला ४५८, अठराव्याला ४४५ भरली पाहिजेत. चौदाव्या दिवशी ४७० असतील तर पाणी जास्त झालंय, पन्हळ कोरडा करा. ४४५ वर चौदाव्यालाच आली तर दुसरा पन्हळ लगेच भरा. यातून वांझ निघालेलं अंडं वगळलं की पहिल्या दिवसाच्या बेरजेतूनही त्याचं वजन वगळा, नाहीतर हिशेब फसतो. म्हणून सुरुवातीला प्रत्येक अंड्याचं वजन वेगळं लिहिलेलं बरं. घातलेलं पाणी कोमट असावं. नळाचं गार पाणी ओतलं की अर्धा तास पेटी ऊब भरून काढत बसते.

जाळी, मोटर आणि गावरान अंड्याचा आकार

अंडी जाळीच्या घरांत आडवी बसतात. मोटर दर दोन तासांनी जाळी सरकवते आणि अंडं तळावर लोळतं. चांगली सोय आहे. न फिरवलेल्या अंड्यात भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, हाताने दिवसातून तीन-पाच वेळा फिरवायचं म्हटलं तर एखादी रात्र हमखास चुकते. पण जाळीची घरं ५५-६० ग्रॅमच्या फार्मच्या अंड्यासाठी कापलेली आहेत. चाळिशीतलं गावरान अंडं त्यात सैल बसतं, जाळीची अर्धी सरक नुसती मोकळ्या जागेतच जाते आणि अंडं जेमतेम कलतं. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढा, साध्या पेन्सिलीने. दोन तासांनी बघा, फुलीच वर असेल तर त्या घराच्या भिंतीला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून जागा कमी करा. बदकाचं अंडं याच्या उलट, घरात दाटून बसतं आणि मोटरवर ताण येतो. ते या जाळीत न घालणंच शहाणपणाचं. शिवाय त्याला २८ दिवस लागतात, एका पेटीत दोन्ही उबवता येत नाहीत.

वीज गेली तर

पेटीवर ८० वॉट लिहिलेलं असतं. हीटर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे सरासरी निम्मी धरली तर २१ दिवसांना साधारण २० युनिट लागतात. खर्च नगण्य. दुखणं भारनियमनाचं. यातल्या बऱ्याच पेट्यांना १२ व्होल्टच्या बॅटरीची लाल-काळी वायर असते. घेताना एकच खात्री करा, बॅटरीवर हीटर चालतो की नुसता पंखा आणि पडदा? दुकानातच बॅटरी लावून, मेन स्विच बंद करून, दहा मिनिटं आकडा बघत उभं राहा. आकडा घसरत गेला तर ती वायर शोभेची आहे. हीटर चालत असेल तर ४० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरून पाच-सहा तास निभावते.

बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर पहिली चूक होते ती झाकण उघडून बघण्याची. उघडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत वरून गोधडी टाका, तीन-चार तास सहज निघतात. शेवटच्या आठवड्यात गोधडी टाकतानाही हवेची भोकं मोकळी ठेवा. त्या वेळी पिल्लं स्वतः उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात आणि पंखा बंद असतो. तिथे थंडीपेक्षा गुदमरण्याची भीती मोठी.

पेटीत काय घालता, ते

एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या, यापेक्षा जास्त नाही. कोंबडा बदलल्यावर जुन्याचं बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. नव्या कोंबड्याची पिल्लं हवी असतील तर तेवढे दिवस अंडी खायला वापरा. तोच कोंबडा आणि त्याच्याच पोरी असा गोतावळा वर्षानुवर्षं चालू राहिला की फळण कमी होते आणि पिल्लं अंड्यातच दगावतात. दरवर्षी कोंबडा लांबच्या गावातून आणावा. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावा आणि त्याचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी करावं.

अंडी गोळा करायच्या तीन-चार आठवडे आधीपासून कोंबड्यांचा खुराक सुधारा. नुसत्या दाण्यावरच्या आणि उकिरड्यावरच्या कोंबडीचं अंडं खायला उत्तम, उबवायला अपुरं. लेयरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य, बाजूला शिंपल्यांचा चुरा, रोज लसूणघास किंवा शेवग्याचा पाला. बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लांची बोटं आत मुडपलेली निघतात आणि दोष पेटीला दिला जातो.

संकरित जातींबद्दल थोडं. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या परसासाठी तयार केलेल्या सुधारित कोंबड्या. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं येतात, पण रंग, वजन, अंडी, सगळं विस्कटतं. आई-बापाचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. ती पिल्लं एकदिवसीय विकतच आणावीत. स्वतःची पैदास करायची तर कडकनाथ, असील किंवा आपल्या भागातली गावरान घ्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या नावाने मिसळीचा माल खूप फिरतो. अंडी विकत घेताना आधी विकणाऱ्याचे कोंबडे बघा. जीभ आणि तुरा काळसर नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही.

सगळ्यात मोठा धोका सॅल्मोनेला पुलोरमचा, म्हणजे पांढऱ्या हगवणीचा. हा जंतू कोंबडीच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. कोंबडी वरून ठणठणीत दिसते. खुडूक कोंबडीखाली एखादं बाधित अंडं आलं तर एका घरट्याचं नुकसान. पेटीत पंखा आहे. एका बाधित पिल्लाची लव सुकताना उडते आणि ४८ घरांत फिरते. मग पहिल्या आठवड्यात ढुंगणाला पांढरं लिंपलेली पिल्लं पटापट जातात. पैदाशीच्या कोंबड्यांची तपासणी रक्ताच्या थेंबावर रंगीत अँटिजेन (रोग ओळखायचं द्रावण) टाकून होते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. बाधित निघालेली कोंबडी औषधाने बरी करून पैदाशीत ठेवायची नसते, तिला कळपातून काढायचं.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. निमुळतं टोक खाली, खोली गार, १५ ते १८ अंश असेल तर उत्तम, एरवी माठाशेजारची जागा. फ्रीजमध्ये नको. २७ अंशांच्या वर भ्रूण अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. धुऊ नका, कवचावरची नैसर्गिक साय जाते आणि जंतूंना वाट मिळते. शेणाने बरबटलेलं अंडं सरळ आमलेटकडे वळवा. घरट्यातलं तूस दर आठवड्याला बदललं तर ही वेळच कमी येते.

सातवा, चौदावा, अठरावा

दिवस मोजताना निम्मे लोक चुकतात. सोमवारी संध्याकाळी सहाला अंडी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी सहाला एक दिवस भरतो. पेटीचा दिवसांचा आकडा वीज गेल्यावर शून्य होऊ शकतो, त्यामुळे तारीख झाकणावर चिकटपट्टीवर लिहा.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या बत्तीवर पुठ्ठ्याचं वेटोळं ठेवून अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला की जिवंत. नुसतं पिवळसर उजेड म्हणजे वांझ. रक्ताची गोल कडी म्हणजे सुरुवातीलाच मेलेलं. ही दोन्ही काढून टाका. मेलेलं अंडं पेटीत राहिलं तर कुजून फुटतं आणि त्या घाणीत अख्खा घाणा, म्हणजे एका वेळी लावलेली सगळी अंडी, वाया जातो.

अठराव्या दिवशी जाळी पूर्ण काढायची. नुसती मोटर बंद करून भागत नाही, जाळीच्या घरांत पिल्लांचे पाय अडकतात. तळ गुळगुळीत आहे, हा पेटीचा मोठा दोष. ओलं पिल्लू त्यावर घसरतं, पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. कपाटात अंथरायची न घसरणारी रबरी जाळीदार चटई तळाच्या मापाने कापून टाका. ती पेटीसोबत का देत नाहीत, कळत नाही.

मग पन्हळ भरा, झाकण लावा आणि हात मागे बांधा. कवचाला पहिली तडा जाण्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागतात. मधल्या काळात ते गप्प बसतं, दमलेलं दिसतं. ते त्या वेळी पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या रक्तवाहिन्या मिटत असतात. तुम्ही कवच सोललं तर रक्त येतं. झाकण उघडलं की आर्द्रता धाडकन पडते आणि बाकीच्या अंड्यांतला पडदा सुकून पिल्लाभोवती चामड्यासारखा आवळतो. या पेटीला बाहेरून पाणी घालायचं भोक आहे, ही खरंच कामाची गोष्ट. नळी लावून कोमट पाणी सोडा, झाकण हलवायची गरज पडत नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, त्यामुळे सगळी सुकून फुलेपर्यंत थांबा.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडून बघा. किळसवाणं काम, पण पुढच्या घाण्याची दुरुस्ती इथूनच कळते. पिल्लू पूर्ण वाढलेलं आणि कवचाला चोच न लावताच मेलं, भोवती चिकट पाणी आहे, तर आर्द्रता जास्त होती. चोच लावली आणि सुकून मेलं, तर शेवटी कमी पडली किंवा झाकण उघडलं गेलं. पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली आणि बेंबी कच्ची, रक्ताळलेली, तर तापमान चढं होतं. बाविसाव्या-तेविसाव्याला निघाली, पोट मोठं आणि मऊ, तर ते कमी होतं. पहिल्याच आठवड्यात मेलेली खूप, तर अंडी जुनी किंवा साठवण गरम. फोडलेलं सगळं चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

पिल्लांनंतर

पेटीचा एक फायदा जाहिरातीत येत नाही आणि तोच आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळी पिल्लं एका दिवशीची निघतात. दर पंधरवड्याला एकेक खुडूक कोंबडी पाच-सात पिल्लं घेऊन उठली, की परसात कायम लहान-मोठ्यांची सरमिसळ असते. मोठ्यांची रक्ती हगवण लहानांना लागते, लस कोणाला दिली याचा पत्ता राहत नाही. एका वयाची तीस पिल्लं असली की लसीचं वेळापत्रक पाळता येतं. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेतची) लासोटा किंवा एफ-१ लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्याला लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांना देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत, आणि आठ-दहा आठवड्यांना मानमोडीची आर-२-बी कातडीखाली. वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकाकडून पक्कं करून घ्या, भागाप्रमाणे थोडं बदलतं. अडचण बाटलीची. ती शंभर-दोनशे मात्रांची येते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात पेट्या लावल्या तर एक बाटली सगळ्यांना पुरते. बर्फाचा थर्मास मात्र हवाच. पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी.

पेटीतून काढल्यावर पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लामागे दोन वॉट या हिशेबाने ३२ पिल्लांना ६५-७० वॉट. ६० चा एक दिवा लावण्यापेक्षा ४० चे दोन लावा, एक रात्रीत उडाला तरी दुसरा असतो. एलईडीचा दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. पिवळा जुना गोळा किंवा सिरॅमिकचा हीटर शोधावा लागेल. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. चिवचिव मोकळी आणि पिल्लं सगळीकडे विखुरलेली असली की बरोबर.

दिव्याची कटकट नको असेल तर पेटी आणि कोंबडी यांची सांगड घाला. खुडूक कोंबडीला चार-पाच निकामी अंड्यांवर बसवून ठेवा, पेटीतली पिल्लं निघाली की अंधार पडल्यावर एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. पहाटे ती त्यांना आपली समजून उठते. त्याआधी तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा बघून घ्या. २१ दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीवर त्या फार माजतात आणि पिल्लांचं रक्त पितात.

घ्यायची कोणी, कोणी नाही

थर्माकोलची बल्बवाली पेटी यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ऊबही धरते. पण थर्माकोल धुता येत नाही. त्याच्या छिद्रांत लव आणि विष्ठा बसते आणि तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून उबवण घसरते. या प्लास्टिकच्या पेटीचा तळ सुटा होतो, साबणाने घासता येतो, मग ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने पुसून दिवसभर उन्हात वाळवता येतो. पंखा आणि वायरिंग झाकणात आहे, त्याला पाणी लागू देऊ नका. कोरड्या रंगाच्या ब्रशने लव झाडा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हौस म्हणून एकदा पिल्लं काढून बघायची असतील, तर पिल्लांचं पुढे काय करणार हे आधी ठरवा. त्यातली निम्मी कोंबडे निघतात आणि पहाटे चारला आरवतात.

ज्यांच्याकडे सात-आठ गावरान कोंबड्या आहेत आणि वर्षाला पंचवीस-तीस पिल्लं पुरतात, त्यांनी ही पेटी घेऊ नये. रवणीवर (अंडी उबवायला) बसलेली गावरान कोंबडी दहा-बारा अंडी वीज न जाळता उबवते आणि पिल्लांना घारीपासूनही राखते. ज्यांच्या कोंबड्या खुडूकच होत नाहीत, ज्यांना बसलेल्या कोंबडीची दोन-अडीच महिन्यांची अंडी बुडवायची नाहीत, किंवा जे एका वयाची पिल्लं विकतात, त्यांना तीन-चार घाण्यांत पैसे वसूल होतात.

घेताना वॉरंटीच्या कागदापेक्षा सुटे भाग बघा. आधी जातो तो पंखा, मग अंडी फिरवायची छोटी मोटर, मग सेन्सरची वायर. तिन्ही किरकोळ किमतीचे, पण एकोणिसाव्या दिवशी रात्री कुठे मिळणार? पेटीसोबतच एक पंखा आणि एक मोटर जास्तीची घ्या आणि रिकाम्या पेटीत बसवून बघा, प्लग जुळतो का. दुकानदार जास्तीचा पंखा द्यायला तयार नसेल, तर दुकान बदला.